फुलांचे कवी, म्हणे!

मंडळी, आपल्याकडे एखाद्या अडचणीच्या माणसाला गप्प करायच्या दोन खात्रीशीर पद्धती आहेत. एक म्हणजे चौकात पुतळा उभा करणे. दुसरी म्हणजे शाळेच्या पुस्तकात घालणे. पुतळ्यावर निदान कावळे तरी बसतात. पुस्तकातल्या माणसाकडे परीक्षा संपली की कुणी ढुंकूनही बघत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा निकाल दुसऱ्या पद्धतीने लागला. 'फुलामुलांचे कवी' हे त्यांचं दोन मार्कांचं उत्तर. शिकाऱ्याने मारलेल्या पाखराची ती कविता आपण सगळ्यांनी घोकलीय, बाईंनी ती रडवेल्या आवाजात म्हणून दाखवलीय, आणि 'हे लोकमान्यांचे कोण?' हा प्रश्न मागच्या बाकावरून हमखास आलाय. (कुणी नाही. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले चित्पावन, साम्य एवढंच.) 'रेव्हरंड' म्हणजे काय, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही. ते नाव असावं असं माझ्या एका वर्गमित्राला दहावीपर्यंत वाटत होतं!

मी या उत्तराला शून्य मार्क देतो. माझं म्हणणं असं की टिळक आधी धर्मचिंतक होते. नगरच्या ख्रिस्ती धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत ते शिकवत, होऊ घातलेल्या पाळकांना घडवत, 'ज्ञानोदय'ची मराठी बाजू १९१२ पासून सांभाळत. आणि त्यांनी लिहिलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कविता नव्हतीच. ती होती राजीनामा.

हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आपल्यातल्या प्रत्येकाने तो मेल एकदा तरी टाईप केलाय. पण आपण राजीनामा देतो तो चाळीस टक्के वाढीच्या ऑफर लेटरवर सही करून झाल्यावर. टिळकांनी १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, बावीस वर्षं केलेली मिशनची पगारी सेवा सोडली. पुढची नोकरी हातात नव्हती. कारण पुढे नोकरी करायचीच नाही असं ठरलं होतं. भगवं वागवणारा ख्रिस्ती संन्यासी व्हायचं, साताऱ्याला जाऊन राहायचं आणि 'देवाचा दरबार' भरवायचा, असा बेत. घरी बायको. घर मुलाबाळांनी आणि पाहुण्यांनी कायम भरलेलं.

का सोडलं? हे समजून घ्यायचं तर आधी मिशन म्हणजे काय होतं ते बघावं लागेल, आणि त्यासाठी मी तुम्हाला माझ्या गावाला नेतो.

मी मिरजेचा. मिरज म्हणजे सतारी, दर्गा, जंक्शन आणि दवाखाने. यातले दवाखाने कुठून आले? १८८९ साली विल्यम वानलेस नावाचा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे आमच्या भागात आला. १८९४ ला मिरजेत त्याचं इस्पितळ उभं राहिलं. पुढे त्याने इतकी माणसं बरी केली की १९२८ साली तो 'सर' झाला, आणि सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीला लोक वानलेसवाडी म्हणू लागले. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस सापडेल ज्याच्या आज्याचा नाहीतर पणजीचा जीव 'मिशनात' वाचला. मी या उपकाराची टिंगल करणार नाही. कर्नाटकातून बैलगाडीत घालून आणलेल्या माणसाचं पोट फाडून, शिवून, त्याला चालत परत पाठवणारा माणूस, त्याच्यापुढे आपण काय बोलणार?

पण मिरजेत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात ख्रिस्ती धर्माचं एक चित्र पक्कं बसतं. वरून देणारा गोरा हात, खालून घेणारा काळा. देणारा चांगला, घेणारा कृतज्ञ. चित्र सुंदर आहे, फ्रेम करून लावण्यासारखं. घोळ एवढाच की त्या चित्रात कुणाला जागा बदलता येत नाही.

आता हेच चित्र दवाखान्यातून उचला आणि चर्चमध्ये ठेवा. कोल्हापूर-सांगली-मिरज या पट्ट्यातल्या प्रेस्बिटेरियन मिशनचं बोर्ड न्यूयॉर्कला. नगर, वाई, सातारा या पट्ट्यातल्या अमेरिकन मराठी मिशनचं बोर्ड बोस्टनला. पैसा तिकडून येणार. इथे त्याचा वाटा कुणाला किती, कुठल्या गावात शाळा, कुठल्या शाळेत कोण मास्तर, हे मुख्यतः परदेशी मिशनरी ठरवणार. देशी पाळक, देशी मास्तर, देशी 'बायबल बाई' हे सगळे पगारी. उपदेशक पगारी, आणि पुष्कळ ठिकाणी ऐकणाराही पगारी, कारण मंडळीतली बरीच कुटुंबं कुठल्या ना कुठल्या नात्याने मिशनच्याच आधारावर. आपल्या भाषेत सांगायचं तर हेड ऑफिस तिकडे, डिलिव्हरी सेंटर इकडे. आर्किटेक्चर तिकडे ठरतं, इकडे टिकेट बंद करायची. क्लायंट कॉलवर हो म्हणायचं आणि कॉल म्यूट करून बोलायचं ते बोलायचं.

टिळकांना म्यूट करून बोलणं जमत नव्हतं. एवढंच.

आणि ते एकदम १९१७ ला सुचलेलं खूळ नव्हतं. माणूस पहिल्यापासून तसाच. १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला, तिथून सुरुवात. दोन वर्षं वाचन, पत्रव्यवहार, घालमेल. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. तो कुणाच्या हातून घेतला? पत्रव्यवहार गोऱ्या मिशनऱ्यांशी होता, त्यांच्यापैकी कुणाच्याही हातून घेता आला असता आणि फोटोही झकास आला असता. टिळकांनी तो घेतला रेव्हरंड तुकाराम नथोजी या मराठी पाळकाच्या हातून. मला ही गोष्ट त्यांच्या सगळ्या कवितांपेक्षा जास्त बोलकी वाटते. एका चित्पावन ब्राह्मणाने १८९५ मध्ये एका देशी पाळकापुढे मान वाकवायची, गोऱ्याला बाजूला ठेवून! पुण्यात त्या दिवशी किती जणांना दुपारचं जेवण गेलं नसेल, कल्पना करा.

मग भाषा. तेव्हाच्या देवळात (हो, मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला सर्रास देऊळ म्हणतो) बरीचशी गाणी इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरं, इंग्रजी चालींवर, पेटीच्या साथीला. शब्द मराठी, पण जीव रडकुंडीला आलेला. टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली, कीर्तन केलं. शेकडो भजनं लिहिली, आणि 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती भजनांच्या पुस्तकात ती आजही आहेत. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. लोक याला 'समन्वय' म्हणतात आणि पुढे जातात. मी म्हणतो हा हक्काचा प्रश्न होता. ज्या माणसाला देवापुढे रडायचं आहे त्याने कुणाच्या व्याकरणात रडायचं? नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातली म्हातारी, जिने आयुष्यात अभंगाशिवाय दुसरं काव्य ऐकलं नाही, तिने बोस्टनच्या चालीत रडावं, हा शुद्ध अन्याय आहे. तो अन्याय पैशाचा नाही, मारझोडीचा नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही.

तर असा माणूस. १९०४ साली दीक्षित पाळक झालेला, मिशनमध्ये मान असलेला, नगरच्या ह्यूमसाहेबांचा आवडता. (ह्यूम माणूस भला होता, देशी लोकांना वाव द्यावा या मताचा. खलनायक शोधणाऱ्यांची इथे निराशा होणार आहे.) बालकवी ठोमऱ्यांसारखा पोरसवदा कवी ज्याच्या घरी मुक्कामाला. सगळं व्यवस्थित चाललेलं. आणि हा उठतो आणि म्हणतो, मला तुमचा पगार नको.

याचा अर्थ 'गोऱ्यांनो चालते व्हा' असा नव्हता. तसा असता तर सोपं झालं असतं. सगळ्यांना समजला असता, एखाद्या रस्त्याला त्यांचं नावही मिळालं असतं. टिळक म्हणत होते ते जास्त अवघड आहे: तुम्ही राहा, पण मायबाप म्हणून राहू नका. मित्र म्हणून राहा. जोवर तुमच्या हातात माझी भाकरी आहे तोवर मी तुमच्याशी खरं बोलतोय की नाही हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही कळणार नाही. आणि ज्या श्रद्धेचा खरेपणा तपासता येत नाही ती श्रद्धा देवापुढे काय कामाची?

हे शब्द माझे आहेत, त्यांचे नव्हेत. पण त्यांच्या राजीनाम्याचा दुसरा अर्थ लावून दाखवा.

दरबाराची दुसरी बाजू तर आणखी धाडसाची. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. ख्रिस्ताला गुरू मानतोस ना, ये. रजिस्टरात नाव आहे की नाही हे विचारायचं नाही. पाळकाने हे करणं म्हणजे काय, लक्षात घ्या. ज्या संस्थेचं सगळं यश 'यंदा किती बाप्तिस्मे' या आकड्यात मोजलं जातं आणि तो आकडा बोटीने बोस्टनला कळवला जातो, त्या संस्थेत वाढलेला माणूस म्हणतो की हा आकडाच मला महत्त्वाचा वाटत नाही. केपीआयवरच घाव! आपल्यापैकी कितीजणांची अप्रेझलच्या मीटिंगमध्ये असं म्हणायची छाती आहे?

आता ज्यांच्याशी मला खरं भांडायचंय त्यांच्याकडे येतो.

एक कंपू असा आहे, जो दर दिवाळी-नाताळाला व्हॉट्सॲपवर जागा होतो. त्यांचं एक वाक्य ठरलेलं: 'हे सगळे पैशासाठी बाटले.' तांदळाच्या पोत्यासाठी, दुधाच्या भुकटीसाठी, पोराच्या फीसाठी. म्हणणारे बहुधा असे असतात की ज्यांनी स्वतः पैशासाठी देश बदलला, भाषा बदलली, नावाचा उच्चारसुद्धा बदलला. (आपलंच कुणीतरी ऑनसाईटला गेलं की 'श्रीकांत'चा 'श्री' होतो, आणि 'व्यंकटेश'चा 'व्हेन'. असो.) त्यांना मी दोन गोष्टी विचारतो.

पहिली. टिळक पैशासाठी बाटले, तर मग पैसा का सोडला?

यावर उत्तर येतं की टिळक अपवाद, बाकीच्यांचं काय. ठीक. दुसरी गोष्ट. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची जी यादी केली तिच्यात तिसऱ्या परिच्छेदात धर्माची अट आहे. सुरुवातीला फक्त हिंदू. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान आजवर बाहेर. म्हणजे महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या कुटुंबाने ख्रिस्ती व्हायचं ठरवलं की अनुसूचित जातीचा दर्जा गेला. आरक्षण गेलं, राखीव मतदारसंघातली उमेदवारी गेली. जात मात्र गेली नाही. गावाला ती पाठ असते. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा अशी शिफारस केली. २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी बालकृष्णन आयोग नेमावा लागला. तर पैशासाठी बाटला म्हणता तो माणूस सरकारी नोकरीची वाट स्वतःच्या हाताने बंद करून चर्चमध्ये जाऊन बसलाय. इतका वाईट सौदा करणारा लोभी माणूस मी तरी पाहिला नाही!

दुसरा कंपू आपल्यातलाच. पुस्तकं वाचणारा, सुसंस्कृत. त्यांना टिळक फार आवडतात. 'बघा, ख्रिस्ती झाले तरी किती मराठी!' या 'तरी'तच सगळं आलं. त्यांना अभंग आवडतो, संन्यास आवडतो, पगार सोडणं तर फारच आवडतं. कारण त्यात त्यांना परत एक त्यागी ब्राह्मण सापडतो. ओळखीचा माणूस, फक्त गळ्यात क्रूस. या कंपूला मी टिळकांच्याच बाजूने विरोध करणार आहे, आणि थोडा टिळकांनाही.

नगर जिल्ह्यात मिशनने गावोगाव शाळा काढल्या. तिथले मास्तर पुष्कळदा महार किंवा मांग घरातून आलेले. या मास्तराचा मिशनचा पगार म्हणजे काय होतं? त्याच्या बापाला मिळायचा बलुत्याचा घास, खळ्यावरचं पडलंझडलं, मेलेल्या जनावराचं मांस. आणि त्यासाठी वेळीअवेळी कुणाचीही हाक आली की धावायचं. पोराला मिळाला महिन्याच्या महिन्याला रोख पगार, ज्यासाठी पाटलापुढे जोहार घालावा लागत नव्हता. त्या माणसासाठी मिशनचा पगार ही बेडी नव्हती, बेडी तोडायची छिन्नी होती. त्याला जाऊन कुणी सांगितलं असतं की पगार सोड, त्यात गुलामी आहे, तर त्याने काय म्हटलं असतं? त्याने म्हटलं असतं, रावसाहेब, तुम्ही भगवं नेसून फिरलात तर लोक वाकून नमस्कार करतात. मी फिरलो तर कुत्रं सोडतात.

संन्याससुद्धा सगळ्यांना परवडत नाही. हा मुद्दा पुढे १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी 'शूद्रांच्या धर्मचिंतना'वर व्याख्यान देऊन ऐरणीवर आणला. भारतातलं ख्रिस्ती चिंतन ज्ञानमार्ग, भक्तिमार्ग, कर्ममार्ग अशा ब्राह्मणी वाटांनीच चालत आलं, शंकराचार्यांशी आणि रामानुजांशी जुळवून घेत बसलं. आणि बाकांवर बसलेली बहुसंख्य माणसं दलित होती त्यांच्या दुःखाला त्यात जागाच नव्हती, अशी त्यांची फिर्याद. त्यांचा ख्रिस्त ज्ञानी गुरू नव्हता. तो स्वतःच दलित होता, आणि त्यांचा देव राबणारा, झाडणारा, भांडी घासणारा होता. दलित धर्मचिंतनाची जी शाखा आज जगभर शिकवली जाते तिच्या पहिल्या काही माणसांत निर्मलांचं नाव आहे. मराठी वाचकाला ते ठाऊक नाही. कारण त्यांनी फुलांवर लिहिलं नाही.

मग निर्मल बरोबर आणि टिळक चूक? नाही हो. इतकं सोपं असतं तर मी शनिवार का खर्च केला असता. टिळकांना अभंग आणि संन्यास ब्राह्मण घरातून आणि वारकऱ्यांच्या अंगणातून आयता मिळाला, हे खरं. पण 'देणाऱ्याच्या हातात माझी जीभ आहे' हा प्रश्न जातीने लहान होत नाही. त्या महार मास्तरासाठी पगार ही पहिली पायरी होती आणि टिळकांनी मागितलेली बरोबरी ही दुसरी. दुसरी पायरी पहिल्याशिवाय चढता येत नाही. पण पहिलीवरच बसून राहायचं आणि तिला स्वर्ग म्हणायचं, यालाही टिळकांचा विरोध होता आणि तो योग्य होता.

आणि या सगळ्याची किंमत कुणी चुकवली? लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा पाच वर्षं दूर राहिल्या. लोकांचे टोमणे, देवदर्शनं, सोवळं-ओवळं, सगळं सोसून शेवटी स्वतःच्या डोक्याने विचार करत जात माणसाने केलीय या निष्कर्षाला आल्या, मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने सांगितलं म्हणून नव्हे. दुष्काळात अनाथ झालेली पोरं घरात आली ती कुणाच्या पदराखाली? रेव्हरंड कविता करत असताना घरातलं पीठ संपलंय हे कुणाला ठाऊक असायचं? 'स्मृतिचित्रे' वाचा. १९३४ पासून भागाभागाने छापलं गेलेलं हे आत्मचरित्र मराठीतलं सगळ्यात विनोदी आणि सगळ्यात रागीट पुस्तक आहे असं माझं मत आहे, आणि राग असा की हसता हसता ठसका लागावा. घरातली वस्तू कुणालाही देऊन टाकणाऱ्या थोर माणसाशी संसार करणं म्हणजे काय, हे त्या पुस्तकाइतकं धर्मशास्त्राच्या कुठल्याही ग्रंथात सापडणार नाही. टिळकांनी पगार सोडला हे आपण म्हणतो. पगार दोघांचा सुटला.

पुण्याहून कोयनेने मिरजेला जाताना सातारा स्टेशनवर चहा घ्यायला मी उतरतो, तेव्हा एक विचार नेहमी येतो. १९१७ ते १९१९ या दोन वर्षांत या जिल्ह्यात काय काय शिजत होतं! सत्यशोधकांचे जलसे गावोगाव चाललेले. खाली कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्येच पन्नास टक्के जागा राखून टाकलेल्या. मिरजेपासून फार लांब नसलेल्या जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला धर्माचा अभ्यास करून आले आणि १९०६ साली त्यांनी अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. म्हणजे 'मिशन' हा शब्दच मिशनऱ्यांकडून उचलून घरचा केला. आणि ज्या वर्षी टिळक गेले त्याच १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, जी १९२४ मध्ये साताऱ्याला आली. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहणार, एकत्र जेवणार, आणि राबून शिकणार. टिळकांना जे दरबारात करायचं होतं, कुणाच्या दयेवर नसलेली माणसं घडवायची, ते भाऊरावांनी देवाचं नाव न घेता वसतिगृहात करून दाखवलं. दरबार पोरका झाला आणि विखुरला. रयतच्या शाळा आजही गावोगाव आहेत. याचं कारण माझ्या मते साधं आहे. टिळकांनी स्वतःचा पगार सोडला. भाऊरावांनी दुसऱ्यांच्या पोरांची पोट भरायची आणि शिकायची सोय लावली. व्यवस्था उभी केली की ती माणसामागे टिकते.

योगायोग बघा, १९१७ मध्येच तिकडे अमेरिकेत वॉल्टर राऊशनबुश या बाप्टिस्ट पाळकाचं सामाजिक शुभवर्तमानाचं धर्मशास्त्र मांडणारं पुस्तक आलं. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या गरीब वस्तीजवळ अकरा वर्षं पाळक म्हणून राहिलेला माणूस. पाप फक्त माणसाच्या मनात नसतं, ते कारखान्याच्या, बाजाराच्या, राज्याच्या रचनेत असतं, हा त्याचा मुद्दा. त्याचं नाव धर्मशास्त्राच्या इतिहासात ठळक आहे. त्याच वर्षी साताऱ्यात एक माणूस चर्चच्या स्वतःच्याच रचनेवर, तिच्या पगारपत्रकावर बोट ठेवत होता. त्याला आम्ही फुलं दिली.

'हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं, आपला काय संबंध?' सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने आम्हाला एका शनिवारी सीएसआरला नेलं. (नाव विचारू नका, घराचे हप्ते चालू आहेत.) २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यातला हा प्रकार. निळे टी-शर्ट, बस, सँडविच. जिल्हा परिषदेची शाळा. काम: भिंती रंगवणे. मुख्याध्यापिकाबाई अत्यंत नम्रपणे म्हणाल्या की पलीकडच्या खोलीचं छत गळतं, त्याचं काही झालं तर बरं. आमच्या कोऑर्डिनेटरने तितक्याच नम्रपणे सांगितलं की यंदाचा हेड 'वॉल पेंटिंग' आहे. मग आम्ही गळक्या छताखाली अडीच तास फुलपाखरं रंगवली. शेवटी मुलांनी रांगेत उभं राहून आम्हाला टाळ्या वाजवल्या, बाईंनी आभार मानले, फोटो झाला. बाईंच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी पुढे कधी विसरलो नाही, कारण ते हसू मी रोज क्लायंट कॉलवर हसतो.

त्या शाळेला आमच्याकडून काय हवं हे ठरवायचा अधिकार शाळेला नव्हता. बस्स, टिळकांचं मिशनशी भांडण हेच. वाईट माणसांशी नव्हे. चांगल्या, कष्टाळू, सँडविच वाटून खाणाऱ्या माणसांशी. देणारे वाईट असते तर भांडायला टिळकांसारखा माणूस लागला नसता, कुणीही भांडलं असतं.

टिळक ९ मे १९१९ ला मुंबईत गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन झालं नाही, दहन झालं. अस्थी नगरला ठेवल्या. 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. फादर विन्स्लो नावाच्या इंग्रज पाळकाने १९२३ मध्ये त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं, आणि आदल्याच वर्षी ख्रिस्त सेवा संघ नावाचा आश्रम काढला होता, जिथे इंग्रज आणि हिंदी माणसं एका पंक्तीला खाली बसून जेवत. पगार नाकारण्याचा अर्थ एका तरी गोऱ्याला कळला म्हणायचा.

पाठ्यपुस्तक मंडळाला माझी एक फुकट सूचना आहे. कविता तीच ठेवा, पाखरू तसंच मरू द्या. फक्त कवीच्या परिचयात एक ओळ वाढवा: '१९१७ साली यांनी मिशनच्या पगारी नोकरीचा राजीनामा दिला.' मागच्या बाकावरचं कुणीतरी 'का?' म्हणून विचारेलच. मग बाईंना मिशन, बलुतं, महारवाड्यातली शाळा, बोस्टनचं बोर्ड आणि लक्ष्मीबाईंचा रिकामा पिठाचा डबा, सगळं सांगत बसावं लागेल, आणि त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी धडा पुरा व्हायचा नाही.